काळा पडलेला शेंडा आत्ताच छाटू नका

प्रश्न: दोन वर्षांच्या आंब्याच्या कलमाला थंडीआधी प्लॅस्टिक गुंडाळून बुंध्याशी घट्ट बांधले होते. तरी एका रात्रीत शेंडा काळा पडला. शेजारची पपई तर उकडल्यासारखी झाली. जळालेला भाग आत्ताच छाटू का? पुढच्या थंडीत काय करावे?

उत्तर: आधी कात्री ठेवून द्या. नेमके किती जळाले ते नवी पालवी फुटेपर्यंत कळत नाही. आत्ता छाटले तर कोवळी फूट येईल आणि पुढच्या थंड रात्री तीच आधी जाईल. काळी पाने ओंगळ दिसतात, पण खालच्या फांद्यांवर तेवढीच झाक असते. थंडी सरली की साल नखाने खरवडून बघा. हिरवे दिसेल तिथपर्यंत फांदी जिवंत, त्याच्या वरचे कापा. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या मूळ रोपाची असते, ती काढून टाका. जोडाच्या वरचे सगळेच मेले असेल तर मात्र राखा, तिच्यावर पुन्हा कलम बांधता येईल. पपईचे खोड दाबून मऊ लागत असेल तर तिचा नाद सोडा.

आता प्लॅस्टिकचे. आपण पांघरूण घेतो ते अंगची ऊब धरून ठेवायला. झाडाला अशी ऊब नसते. ती असते जमिनीत, दिवसभर तापलेली माती रात्री ती सोडते. तुम्ही बुंध्याशी गाठ मारलीत आणि ती ऊब बाहेरच राहिली. त्यातून प्लॅस्टिक टेकते तिथले पान लवकर गोठते. तीन-चार बांबू रोवून त्यावर गोणपाट किंवा जुनी चादर टाका, कडा जमिनीवर दगडांनी दाबा आणि सकाळी ऊन आले की उघडा.

आळ्यातले पाचट एरवी चांगलेच, पण गोठणाऱ्या रात्री ते जमिनीची ऊब खालीच कोंडते. त्या दिवशी सकाळीच ते बाजूला सारून माती भिजवा, ओली माती उष्णता जास्त साठवते. चिखल मात्र नको, गारठ्यात मुळे कुजतात. जोड झाकेल इतकी मातीची भर बुंध्याला द्या, थंडी संपताच काढा. थंडीच्या तोंडावर नत्राचे खत देऊ नका. नुसत्या धुरावर तर मुळीच विसंबू नका, जमिनीची उष्णता धुरातून आरपार निघून जाते.

अंदाजात २ अंश असले तरी आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगत पारा शून्याखाली जाऊ शकतो. म्हणून थर्मामीटर कलमाच्या उंचीवर टांगा. लहान कलम उणे १-२ अंशांतच जायबंदी होते, मोठे झाड थोडा वेळ उणे ४ पर्यंत तग धरते. म्हणजे पहिले तीन-चार हिवाळे जपायचे. नवी लागवड खोलगट जागी नको, थंड हवा पाण्यासारखी तिथेच साचते. दर हिवाळ्यात दिवसचे दिवस गोठत असेल, तर झाड कुंडीतच वाढवा आणि थंडीत आत घ्या. कुंडी बाहेर ठेवून नुसते झाड झाकले तर मुळे चारही बाजूंनी गारठतात.