ब्लॅक सॅबथ हा हेवी मेटल बँड पहिला गायक ओझी ऑस्बर्नशिवाय ऐकण्यासारखा आहे का? नंतरचा गायक टोनी मार्टिनचे अल्बम कुठून सुरू करावेत?

'हेडलेस क्रॉस'पासून. १९८९.

ओझीच्या जागी आलेल्या डिओचं सोडा, त्याला आता सगळेच मानतात. पण मार्टिनने १९८७ ते १९९५ या काळात सॅबथचे पाच अल्बम गायले, आणि लोक त्याला 'मधल्या काळातला गायक' म्हणून मोकळे होतात. याचा मला फार जुना राग आहे.

१९९६ साली मी नाशिकच्या सातपूरला आयटीआय करत होतो. डोंबिवलीच्या मावसभावाने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला 'हेडलेस क्रॉस', दुसऱ्या बाजूला 'टीर' भरून दिला होता. आमच्या ग्रुपमध्ये गिटार वाजवणारा एकच, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा. त्याला कॅसेट ऐकायला दिली. आठ दिवसांनी परत आली ती लेबलवर निळ्या बॉलपेनने 'डुप्लिकेट सॅबथ' लिहून. टेप पहिल्या बाजूच्या सुरुवातीलाच थांबलेली. म्हणजे पठ्ठ्याने दोन गाणीसुद्धा ऐकली नव्हती! कॉलेज रोडला चहाच्या टपरीवर तासभर भांडलो. त्याचं एकच पालुपद, ओझी नाही तर सॅबथ नाही.

अरे, पण सॅबथ म्हणजे गिटार ना? सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं प्रेसमध्ये गेली. डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि हलक्या तारा लावून वाजवत राहिला. मी वीस वर्षं अंबडला प्रेस शॉपमध्ये आहे. बोट गेलेला माणूस पुन्हा मशीनवर उभा राहतो तेव्हा काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. हा माणूस पाचही अल्बमवर आहे, मग डुप्लिकेट कोण?

'हेडलेस क्रॉस'मध्ये आधी मिनिटभर नुसता अंधारा आवाज, मग कोझी पॉवेलचा ड्रम पडतो, छातीत बसतो. त्यावर मार्टिन चढतो तो ओझीला कधीच न जमलेल्या पट्टीत. 'व्हेन डेथ कॉल्स'मध्ये गिटारचा सोलो 'क्वीन'च्या ब्रायन मेचा आहे. मग 'टीर'मधलं 'ॲनो मुंडी' ऐका. मार्टिनचा पहिला अल्बम 'इटर्नल आयडल' आधी त्याच्या अगोदरच्या गायकाच्या, रे गिलनच्या आवाजात झाला होता, मार्टिनने येऊन सगळा पुन्हा गायला. त्यातलं 'द शायनिंग' ऐकून हे कुणाला कळणारही नाही.

'फॉरबिडन' मात्र शेवटी ठेवा, तो कच्चाच आहे. २०२४ च्या बॉक्स सेटसाठी आयोमीने तो नव्याने मिक्स केला, थोडा सुधारला, एवढंच. आणि ओझीला मी कमी लेखत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये तो गेला त्या रात्री पहिला अल्बम लावून बसलो होतो, डोळ्याला डोळा लागला नाही.

पण तुमचा कुणी मित्र 'हा ओझी नाही' म्हणाला, तर त्याला 'व्हेन डेथ कॉल्स' समोर बसवून ऐकवा. सोलो संपेपर्यंत उठू देऊ नका.