शंका-समाधान : मोहीम झाली, मग बाळांचे रक्त कशाला?

प्रश्न : आमच्याकडे गोवर-रुबेलाची लसीकरण मोहीम २०१८ मध्येच झाली. पुरळ-तापाचे रुग्णही आता क्वचित येतात. तरी नेत्र ओपीडीतल्या तान्ह्या बाळांचे रक्त रुबेलासाठी का मागतात?
– आरोग्यसेविका, जि. सोलापूर

उत्तर : मोहीम ९ महिने ते १५ वर्षांच्या आतल्या मुलामुलींसाठी होती. तेव्हा सोळा वर्षांची असलेली मुलगी त्यातून सुटली आणि आज बाळंतपणाला येते ती तीच. लहानपणी रुबेला झाला नसेल, लसही मिळाली नसेल, तर तो तिला गरोदरपणी गाठू शकतो आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचून त्याला मोतीबिंदू, हृदयदोष देऊ शकतो (जन्मजात रुबेला). ग्रीसमध्ये असेच झाले : लस सत्तरच्या दशकात आली, पण निम्म्या मुलांपर्यंतही पोचली नाही. १९९३ च्या साथीनंतर जन्मजात रुबेलाची २५ बाळे निघाली. शिवाय रुबेलाचे पुरळ इतके किरकोळ, की आईला आठवतही नाही. पुरळ-तापाची वही कोरी आहे, यावर विसंबू नका. बुबुळात पांढरे दिसणारे बाळ हीच खरी नोंद.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयात पीडीए (जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी उघडीच). रुबेलाचे आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणारी प्रतिपिंडे) निगेटिव्ह आले. रुबेला नाही असे लिहायचे का?
– बालरोग विभागातील निवासी डॉक्टर

उत्तर : नाही. आयजीएमची खात्री पहिल्या पाच-सहा महिन्यांपुरती. पुढे वर्षापर्यंत बाधित बाळांपैकी सुमारे ६० टक्क्यांतच ते सापडते. (पहिल्या महिन्यातला नमुनाही पाचांत एकदा फसवतो, संशय दाट असेल तर महिन्याने पुन्हा घ्यावा.) तुमच्या बाळाचे आयजीजी (दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे) आजच करा आणि महिन्याने पुन्हा. आईकडून आलेले आयजीजी या वयात उतरत जाते. ते तसेच टिकले, तर ते बाळाचे स्वतःचे. गोची होते ती नवव्या महिन्याच्या एमआर (गोवर-रुबेला लस) डोसाने : लसीनेही आयजीएम, आयजीजी येतात. म्हणून दुसरा नमुना डोस टोचण्याआधी घ्या, आणि डोसाची तारीख फॉर्मवर लिहाच; ती बहुतेकदा कोरी असते.

रक्त १ मिली पुरते. सीरम (रक्त साकळल्यावर सुटणारा पिवळसर द्रव) वेगळे करून थंड पेटीतून पाठवा. अख्खे रक्त गोठवू नका, पेशी फुटून नमुना वाया जातो. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर काढलेला भिंगाचा गर टाकू नका, पीसीआरला (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) पाठवा. घशाचा स्वॅबही चालतो.

अशा बाळाच्या घशातून, लघवीतून वर्षभरही विषाणू बाहेर पडू शकतो. प्रतिकारशक्तीची खात्री नसलेल्या गरोदर सिस्टरला त्या खाटेवर ड्यूटी देऊ नका.