नोड ऑफलाईन, डिस्क रिकामी: आधी आयपी बघा

निपाणीच्या ज्या सदस्यांनी विचारलंय की स्टोर्जचा (लोकांच्या डिस्कवरची मोकळी जागा भाड्याने घेणाऱ्या साठवणुकीच्या नेटवर्कचा) नोड, म्हणजे डेटा साठवणारं मशीन, बसवला, राउटरमध्ये पोर्ट उघडला, तरी डॅशबोर्डवर 'ऑफलाईन' दिसतंय, तर मोठी डिस्क घेऊ का, त्यांच्यासाठी हे उत्तर. डॉकर (नोड ज्यात चालतो ते सॉफ्टवेअर), आयडेंटिटी (नोडचं ओळखपत्र) वगैरे तुमचं झालेलं दिसतंय, त्यात जात नाही. मोठ्या डिस्कने काही होणार नाही. आपल्या भागातलं हे जुनंच दुखणं आहे आणि ते इंटरनेटवाल्याकडचं आहे.

राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा पहिलाच १० असेल, तर तुम्ही सीजी-नॅटच्या मागे आहात. कंपनीने एकच पब्लिक पत्ता कित्येक घरांत वाटलाय. तुम्ही स्टोर्जचा २८९६७ हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी फॉरवर्ड केलात तरी बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. डीडीएनएसचाही (पत्त्याऐवजी नाव देणाऱ्या सेवेचाही) उपयोग नाही. बदलत्या पत्त्याच्या मागे नाव धावतं ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि इथे पत्ताच तुमचा नाही.

आता इंटरनेटवाल्या कंपनीचं ते कार्यालय. नाव घेत नाही, बेळगावात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तक्रार केली की पहिलं उत्तर ठरलेलं: "पोर्ट ओपनच आहे सर, राउटर रिसेट करा." फारच मागे लागलं की स्टॅटिक आयपी विकतात, वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन. आणि जोडून काय देतात? १० ने सुरू होणारा, त्यांच्या आतल्या जाळ्यातला पत्ता. बदलत नाही म्हणून स्टॅटिक, पण पब्लिक नाही! पैसे परत मागितले तर "प्लॅन चालू झाला" म्हणतात. आमच्या ओळखीतली बरीच मंडळी इथेच फसली, आम्हीही त्यातलेच. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: पब्लिक स्टॅटिक आयपीव्ही४ हवा, इनबाउंड (बाहेरून आत येणारे) पोर्ट बंद नसावेत. आधी एकाच महिन्याचे पैसे द्या. राउटरचा वॅन पत्ता आणि बाहेरच्या साइटवर दिसणारा पत्ता तंतोतंत जुळला तरच पुढचे. कन्नड लिहिता येत असेल तर अर्ज कन्नडमध्येच द्या, लवकर पुढे सरकतो. भाषेचा वाद त्या काउंटरवर काढण्यात अर्थ नाही.

फायबरच्या डब्यावरचा वॅन पत्ता जुळूनही पोर्ट बंद दिसत असेल तर तो डबा आणि तुमचा राउटर, दोघेही नॅट (पत्त्यांची अदलाबदल) करत असतील. डबा ब्रिज मोडमध्ये (नॅट न करता सगळं राउटरकडे सोपवणाऱ्या) टाकायला सांगा आणि पीपीपीओईचा, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचा, पासवर्ड आधी मागून घ्या. पब्लिक आयपी मिळतच नसेल तर भाड्याचा व्हीपीएस (पब्लिक पत्ता असलेला दूरचा सर्व्हर) घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा करता येतो. पण नेटवर्क एका /२४ पट्ट्यातले (पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असलेले) सगळे नोड मिळून एकच धरतं, आणि स्वस्त व्हीपीएसच्या पट्ट्यात आधीच कुणीतरी बसलेला असू शकतो.

"पूर्वी लोकांच्या डिस्का धडाधड भरायच्या" असंही तुम्ही लिहिलंय. २०२४ च्या मध्यात सॉल्टलेक नावाच्या सॅटेलाईटवरून (नोडना काम वाटणाऱ्या स्टोर्जच्या सर्व्हरवरून) भार-चाचण्या चालल्या होत्या, तो काळ डोळ्यासमोर ठेवू नका. त्यातला बराच डेटा मुदतीचा होता, मुदत संपली की उडाला. आता येतो तो गिऱ्हाईकांचा माल, धिम्या गतीने. शिवाय दर सॅटेलाईटचे १०० ऑडिट (डेटा जागेवर आहे का याची तपासणी) पूर्ण होईपर्यंत नव्या नोडला थोडाच डेटा मिळतो.

खऱ्या वापरात नेटवर्कचं तुमच्यावाचून अडत नाही. फाईलचा प्रत्येक सेगमेंट (भाग) बऱ्याच नोडवर तुकड्यांत पसरतो आणि त्यातले कुठलेही २९ मिळाले की पुरतं. बाद झालात, म्हणजे नेटवर्कने तुमचा नोड काढून टाकला, तर रोखून ठेवलेली रक्कम तुमचीच जाते. पहिले ३ महिने कमाईतले ७५ टक्के अडकलेले असतात.

आपल्याकडे बाद व्हायचं मुख्य कारण लाईट. वळवाच्या पावसात लाईट जाते, येते, मशीन आपोआप चालू होतं, पण यूएसबी डिस्क माउंट झालेली (सिस्टिमला जोडलेली) नसते. नोडला रिकामं फोल्डर दिसतं. तो स्वतःहून थांबतो, कारण डेटाच्या फोल्डरमधली पडताळणीची फाईल त्याला सापडत नाही. इथे घाबरून सेटअपची कमांड पुन्हा चालवली की ती फाईल रिकाम्या फोल्डरमध्ये नव्याने तयार होते, नोड सुरू होतो, ऑडिटला तुकडे सापडत नाहीत आणि ऑडिटचा स्कोअर ९६ टक्क्यांच्या खाली गेला की कायमचे बाद. सेटअप आयुष्यात एकदाच! डिस्क एफएसटॅबमध्ये (लिनक्स सुरू होताना डिस्क जोडणाऱ्या फाईलमध्ये) यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने, बांधा, फाईलसिस्टम एक्स्ट४ ठेवा आणि नोड थांबवताना ३०० सेकंद द्या. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करा, नॉर्मल मोडमध्ये बदल व्हायला लागणाऱ्या वेळात पीसी रिस्टार्ट होतो. आणि गल्लीतल्या केबलवाल्याच्या डब्याला बॅटरी आहे का तेही विचारा, नाहीतर घरातला यूपीएस फुकट.

हिशेबही करून ठेवा. साठवणुकीला टीबीमागे महिना दीड डॉलर, बाहेर गेलेल्या डेटाला टीबीमागे २ डॉलर. दर बदलतात, अधिकृत पानावर तपासा. ४ टीबी पूर्ण भरले तरी साठवणुकीचे ६ डॉलर. स्टॅटिक आयपीचं भाडं त्यातून वजा करा, म्हणजे मी डिस्क घेऊ नका का म्हणतोय ते दिसेल. स्टोर्ज पैसे स्वतःच्या क्रिप्टो टोकनमध्ये देतं, ते टोकन विकताना नफ्यावर ३० टक्के कर आणि १ टक्का टीडीएस लागतो. मी सीए नाही, तुमच्या सीएंना विचारा.

वॅन पत्त्याचे पहिले दोन आकडे इथे टाका, पूर्ण पत्ता नको. मग पुढचं बघू.