कंट्रोलर खाली ठेवायला लावणारी दोन मिनिटं

प्रश्न : मुलगा आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे व्हिडिओ गेम, खेळतो. मध्येच खेळ थांबतो, सिनेमा सुरू होतो आणि हा नुसता बघत बसतो. मग सिनेमाच का बघू नये? – एक आई, मिरज

उत्तर : ताई, १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’मध्ये एरिथ नावाची मुलगी आपल्या टोळीत असते. जखमा बऱ्या करण्यात तरबेज. मी तिला तासन् तास लढवून तयार केलं होतं. आणि पहिली सीडी संपता संपता एका कटसीनमध्ये, म्हणजे तुम्ही म्हणता त्या मधल्या सिनेमात, खलनायक सेफिरॉथ तिला मारतो. हातात कंट्रोलर, पण कुठलंही बटण दाबा, ती वाचत नाही. तिच्या केसांतला मणी पायऱ्यांवरून टणटणत पाण्यात पडतो. लगेच लढाई सुरू होते, तरी तिचंच हळवं संगीत वाजत राहतं! सिनेमात मरणारी नायिका दिग्दर्शकाची असते. ही माझी होती.

सगळेच कटसीन असे नसतात, हेही खरं. २००१ च्या मूळ ‘फायनल फँटसी १०’मध्ये ते वगळून पुढे जाताच येत नसे. त्यातल्या गॅगाझेट डोंगरावर सेमूर या खलनायकाकडून हरलं, की तेच लांबलचक संवाद पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात माझा चहा होऊन जायचा.