कूसीच्या किल्ल्याचा बुरूज फ्रान्सने पुन्हा का बांधला नाही? याला जतन म्हणायचं का?

माझ्या मते हो, यालाच जतन म्हणायचं. तुमचा मुद्दा असा की पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईचे पैसे मिळूनही मुख्य बुरुजाचा ढिगारा तसाच ठेवला, म्हणजे हेळसांडच झाली. पण तो नेमका कसा पडला हे पाहिलं, तर तो निर्णय पटतो.

पॅरिसच्या ईशान्येला, एन जिल्ह्यात, तिसऱ्या आंगराँ या सरदाराने १२२० नंतरच्या दोन दशकांत हा किल्ला उभारला. मुख्य बुरूज सुमारे ५५ मीटर उंच, पायथ्याशी भिंत ७ मीटरपेक्षा जाड. खुद्द राजाचा पॅरिसमधला लूव्रचा बुरूज याच्या जेमतेम निम्मा! बांधताना परांचीचे वासे भिंतीतच रोवत चढत गेले होते. ती भोकं बुरुजाभोवती गोल फिरत वर गेलेली दिसायची, म्हणजे मालवाहतुकीचा चढ भिंतीलाच वेटोळं घालून होता. मला या किल्ल्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

१६५२ मध्ये फ्रान्सच्या राजाचा मुख्य मंत्री माझारँ याने किल्ला निकामी करायला लावला, तरी बुरूज टिकला. १६९२ च्या भूकंपात तो वरपासून खालपर्यंत तडकला, तरीही उभा राहिला. १८५६ नंतर वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युकने त्याला लोखंडी पट्टे आवळले आणि वर छप्पर घातलं. हाच माणूस जवळच्या पिएरफाँचा किल्ला जवळजवळ नव्याने बांधत होता, पण कूसीत त्याने हात आखडता घेतला. १८६२ मध्ये कूसीला संरक्षित स्मारकाचा दर्जाही मिळाला.

आणि मार्च १९१७ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जनरल लुडेनडॉर्फच्या हुकमावरून सुमारे २८ टन स्फोटकं लावून बुरूज उडवला. कोपऱ्यांवरचे चारही बुरूज गेले. बव्हेरियाच्या युवराजाने, जो स्वतः जर्मन सेनापती होता, किल्ला वाचवण्याची विनंती केली होती. ती मानली गेली नाही. पुढच्याच महिन्यात फ्रान्सने हे अवशेष रानटीपणाचं स्मारक म्हणून जाहीर केले.

म्हणून भरपाईचा पैसा कोपऱ्यांवरच्या पडक्या बुरुजांचा ढिगारा उपसायला आणि भिंतींना बळकटी द्यायला वापरला, मुख्य ढिगारा मात्र हलवला नाही. रेखाटनं होती, छायाचित्रं होती, हुबेहूब नक्कल उभी करता आली असती. पण मग १९१७ मध्ये इथे काय घडलं ते पुसलं गेलं असतं, आणि हातात आलं असतं विसाव्या शतकातलं नवं बांधकाम.

तसंच ठेवलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. उघड्या भिंतीत वरून पाणी मुरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, चुना सुटतो, फटीत झाडं मूळ धरतात. पडक्या किल्ल्याची डागडुजी सतत करावीच लागते. आज किल्ल्याचा कारभार फ्रान्सच्या राष्ट्रीय स्मारक केंद्राकडे आहे, आणि गावाचा जुना तट व वेशीही बऱ्याच शाबूत आहेत. जाणार असाल तर आधी व्हिओले-ल-द्युकची रेखाटनं पाहून घ्या, नाहीतर समोरच्या दगडांवरून मूळ बुरुजाचा अंदाज येत नाही.