हिटलरच्या काळातली नाणी संग्रहात ठेवणं चूक आहे का?

तुम्हाला नाझी जर्मनीची स्वस्तिकवाली नाणी मिळताहेत, घरच्यांना मात्र ती घरात नकोत, मग घ्यावीत की नाही, असं तुम्ही विचारलंय. मी वीसेक वर्षं नाणी जमवतोय आणि त्यातली काही माझ्याकडे आहेत. काही मुद्दाम घेतली नाहीत.

आधी आमच्या घरातलं सांगतो. लक्ष्मीपूजनाला आजीचे राणी छाप रुपये ताटात मांडून आम्ही त्यांना हळदकुंकू वाहतो. त्यातल्या एकावर १८७७ साल आहे आणि राणीच्या नावापुढे ‘एम्प्रेस’. १८७६ पर्यंत तिथे ‘क्वीन’ असायचं. १ जानेवारी १८७७ला दिल्लीत दरबार भरवून तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून अक्षरं बदलली. तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ होता. त्याच महिन्यात रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने दुष्काळी कामांवरच्या गड्याची मजुरी खाली आणली: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. त्या दुष्काळातले बळी पन्नास लाखांच्या वर धरतात. हे वाचल्यावरही मी तो रुपया ताटातून काढला नाही. फक्त तो एरवी ज्या कागदी पाकिटात ठेवतो, त्यावर हे सगळं लिहून ठेवलं. त्यावर चेहरा राणीचा असला तरी तो आजीच्या सासरच्यांनी घाम गाळून मिळवलेला आहे.

जर्मन नाण्यांकडेही मी असंच बघतो. युद्धात तांबं दारूगोळ्याकडे वळलं आणि १९४०पासून पाच-दहा फेनिंगची (शंभर फेनिंगचा एक मार्क) नाणी जस्ताची निघाली. काळवंडलेली, दिसायला दरिद्री. गरुडाच्या पंजात स्वस्तिक आहेच, पण हे नाणं कुणी पाव घेताना दिलेलं असणार. ते मी बिनदिक्कत घेतलं. चांदीच्या पाच मार्कवर पॉट्सडॅमचं गॅरिसन चर्च आहे. त्याच्या १९३४च्या पहिल्या नाण्यांवर ‘२१ मार्च १९३३’ ही तारीख कोरलीय, म्हणजे त्या चर्चमधल्या समारंभात हिटलर तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग याच्यापुढे वाकला तो दिवस. ही सरळसरळ जाहिरात आहे. तेही घेतलं, पण बराच विचार करून, आणि जाहिरात कशी करतात ते दाखवायलाच.

बिल्ले आणि पदकं मात्र नाही. ती बाजारात फिरली नाहीत, छातीवर लागली. त्यांच्यामागे लागलेल्या काही जणांशी बोलल्यावर मला कळलं की त्यांना इतिहास नकोय, रुबाब हवाय. (विक्रेताच ‘काय माणूस होता साहेब!’ म्हणायला लागला, तर मी उठतो.)

पोलंडमधल्या वुच (Łódź) शहरातल्या घेट्टोची, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीची, नाणीही घेतली नाहीत. तिथे कोंडलेल्या ज्यूंकडून खरे पैसे काढून घेऊन त्यांना फक्त घेट्टोतच चालणाऱ्या ‘पावत्या’ दिल्या. बाहेर त्यांना काडीची किंमत नव्हती, म्हणजे पळून जाणाऱ्याचा खिसा रिकामाच. १९४३ची ५, १० आणि २० मार्कची नाणी या पावत्यांपैकीच. त्यांच्या नकला इतक्या झाल्यात की घेणारा बहुतेक वेळा नकला करणाऱ्यालाच पोसतो. तसं अस्सल नाणं कधी हाती आलं, तर ते संग्रहालयाला द्यावं.

आणखी एक, जे लोक विसरतात. मेलेल्या राजवटीच्या नाण्याचा पैसा तिला मिळत नाही, जिवंत राजवटीला मिळतो. उत्तर कोरिया परदेशी संग्राहकांसाठी चकचकीत स्मरणनाणी काढतो. ती मी घेत नाही. तिथली जुनी चलनी नाणी मात्र बघण्यासारखी आहेत: स्थानिकांच्या नाण्यांवर तारा नाही, समाजवादी देशांतल्या पाहुण्यांसाठी एक तारा, भांडवलशाही देशांतल्यांसाठी दोन!

घरच्यांना पाकिटावर काय लिहिणार ते आधी सांगून बघा. आणि पाच मार्कचं घ्यायला जाल तेव्हा खिशात छोटा वजनकाटा ठेवा. १३.८८ ग्रॅमच्या आसपास भरलं नाही, तर ते नकली, आणि नैतिकतेचा प्रश्न तिथेच मिटला.