उत्तर: २ जीबीची सीएसव्ही डकडीबीमध्ये पटकन कशी भरावी?

वेगाची काळजी सोडा. एवढी फाईल डकडीबी (आपल्याच मशीनवर चालणारा डेटाबेस) साध्या लॅपटॉपवरही वाचतं. मेमरी अपुरी पडलीच तर प्रिझर्व्ह_इन्सर्शन_ऑर्डर ही सेटिंग फॉल्स करा. ओळींचा मूळ क्रम टिकेल याची खात्री नाही, पण मेमरी कमी लागते. खरी गोची रकान्यांच्या प्रकारांत (मजकूर, आकडा, तारीख) आहे. ‘प्रकार आपोआप ओळखणारं ऑटो-डिटेक्ट असताना एवढा खटाटोप कशाला?’ हे मला अजूनही ऐकावं लागतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे लाभार्थ्यांच्या याद्या येतात. खाते क्रमांकाच्या रकान्यात नुसते अंक असतात. डीफॉल्ट २०,४८० ओळींचा नमुना बघून डकडीबी तो रकाना बिगइंट (पूर्णांक) ठरवतं आणि ००४५१२ चं ४५१२ होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. पुढे तो आकडा परत मजकूर करून बँकेच्या टेबलाशी लेफ्ट जॉइन (माझ्या सगळ्या ओळी ठेवून जुळणी) केला की त्या ओळींसमोर नल (रिकामी किंमत), आणि चालू खातं रिपोर्टात ‘सापडलं नाही’. मग कोणीतरी हमखास सुचवतं, ‘एलपॅड (डावीकडे शून्यं भरणारं फंक्शन) लावून शून्यं परत आणू.’ कशी आणणार? कुणाचा खाते क्रमांक ११ अंकी, कुणाचा १४, कुणाचा १६. किती शून्यं गेली याची खूण त्या आकड्यात उरतच नाही.

तेव्हा फाईल वाचणाऱ्या रीड_सीएसव्हीला ऑल_व्हारचार ट्रू द्या (म्हणजे सगळे रकाने मजकूर) आणि सगळं जसंच्या तसं कच्च्या टेबलात घ्या. पक्कं टेबल त्यातून बनवा. ‘१,२५,०००.००’ सारख्या रकमेतले स्वल्पविराम रिप्लेसने काढून मग डेसिमलला (दशांश आकड्याला) ट्राय_कास्ट, म्हणजे प्रकार बदलायचा आणि जमलं नाही तर नल. ०३/०४/२०२४ चे दोन अर्थ लागतात, म्हणून मजकुराची तारीख करणाऱ्या ट्राय_स्ट्रपटाइमला दिवस-महिना-वर्ष हा साचा स्वतः द्या. शेवटी, कच्च्या रकान्यात मजकूर आहे पण पक्क्यात नल आलाय अशा ओळी काढा आणि डोळ्यांनी बघा.

इग्नोर_एरर्स हा पर्याय एकटा कधीच लावू नका, खराब ओळी गुपचूप गळतात. सोबत स्टोअर_रिजेक्ट्स असेल तर त्या रिजेक्ट_एरर्स टेबलात कारणासकट सापडतात.

एक मात्र आहे: फाईल आधी कोणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली असेल, तर यातलं काहीच कामाचं नाही. एक्सेल आकड्याचे १५च अंक धरतं, सोळावा शून्य होतो. मूळ सिस्टीममधून नवी फाईल मागवा. आणि फाईल सीएसव्हीऐवजी पार्केट या फॉरमॅटमध्ये असेल, तर प्रकार तिच्यातच लिहिलेले असतात. तिथे हा उपद्व्याप करू नका.